हेवा नव्हे, अमिग्डला

२ जून, रविवार. दुपारी.
आज चर्चच्या उपासनेत साडूने आपल्या श्रद्धेची साक्ष दिली. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. धंदा नळदुरुस्तीचा. अकरा मिनिटं बोलला, मी घड्याळ लावलं होतं. आपण कुचकामी आहोत असं त्याला वाटायचं, मग प्रभूने उभं केलं, वगैरे वगैरे. सगळी मंडळी रडली. सासूबाईंनी तर शेजारच्या बाईंचाही रुमाल भिजवला. माझेही डोळे पाणावले होते, पण ती सर्दी.
ज्या चष्म्यातून त्याने साक्ष वाचली तो मी दिलेला. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. म्हणजे अर्धी साक्ष माझीच. कोणी नाव काढलं? छे!
शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, ३० तारखेच्या मेळाव्यात 'संशयावर विजय' या विषयावर आपल्यातलंच कोणीतरी बोलेल. नाव २३ला ठरणार. हे सांगताना बघत होते साडूकडे. इकडे मान वळवली असती तर मोडली असती का?
ठरलं. भाषण मी करणार. अडचण एकच, चारचौघांत उभं राहिलं की माझे पाय लटपटतात.

३ जून, सकाळी ६.१०
एका मेंदूतज्ज्ञांचा व्हिडिओ पाहिला. स्वतः श्रद्धावान. म्हणतात, विचार म्हणजे मेंदूतली पायवाट, रोज चाललं की रस्ता होतो. उपाय सोपा. कार्डाच्या एका बाजूला कुविचार लिहायचा, दुसऱ्या बाजूला बायबलमधलं वचन. कुविचार वाचायचा, कार्ड उलटायचं, ताठ उभं राहून वचन मोठ्याने म्हणायचं. एकवीस दिवस. म्हणजे बरोब्बर २३ जून! याला योगायोग म्हणत नाहीत, बोलावणं म्हणतात.
दुकानातली अपॉइंटमेंटची कार्डं आणली. कोपऱ्यात छोटा चष्मा छापलेला आहे, बाकी जागा भरपूर.

६ जून
कार्ड १ : मला बोलता येणार नाही. कार्ड २ : लोक हसतील. कार्ड ३ : साडू. कार्ड ४ : साडू. कार्ड ५ : साडूची ती नवी हत्यारांची बॅग.
बायकोने कार्डं वाचली. म्हणाली, हा हेवा आहे. मी शांतपणे समजावलं. मेंदूत अमिग्डला म्हणून बदामाएवढी गोष्ट असते, धोका दिसला की ती पेटते. ती म्हणाली, तुमची फक्त साडू दिसला की पेटते.
विज्ञान सगळ्यांना झेपत नाही.

९ जून, रविवार
साडूने उपासनागृहातला गळका नळ फुकट दुरुस्त केला. सासूबाईंनी ही सुवार्ता रांगेरांगेत जाऊन सांगितली. त्यात काय एवढं? वॉशर बदलायचा असतो. घरचा गळका नळ मीही करू शकतो. आजच करतो.

९ जून, सायंकाळी
हात दाखवून अवलक्षण. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. साडूला बोलवावं लागलं. आला, दहा मिनिटांत काम केलं, वर म्हणाला, भाऊ, तुम्ही निम्मं बरोबर खोललं होतं. चांगुलपणाचा किती तो माज!
कार्ड ११ लिहिलं.

१५ जून
प्रगती प्रचंड. न्हाणीघराच्या आरशासमोर सात मिनिटं उभा. पाय खांबासारखे. दुकानातही आत्मविश्वास ओसंडतोय. अक्षरांच्या तक्त्यासमोर अडखळलेल्या बाईंना मी गरजून म्हटलं, भिऊ नका! त्या चष्मा न घेताच गेल्या.

२१ जून
कार्ड १९ : 'देवा, माझ्या साडूला सगळं देतोस. सासूबाईंची माया त्याला, मंडळीची वाहवा त्याला. मला काय? एकदा तरी त्याचा घसा बसू दे.'
उलटून वचन म्हटलं. खिशात ठेवलं. मन स्वच्छ.

२३ जून, रविवार
आमच्याकडे दाराशी प्रार्थनेची पेटी असते. नाव न घालता विनंती टाकायची. पाळकसाहेब वाचतात, ज्याची असेल तो वाटलं तर उभा राहतो, सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतात. मी 'भाषणाची संधी मिळो' असं एका कार्डावर लिहून नेलं होतं. खिशात घातलं. खिशात एकोणिसावंही होतं.
पुढचं लिहवत नाही. लिहितो.
पाळकसाहेबांनी पेटीतून काढून वाचलं ते एकोणिसावं. अख्खं. घशासकट. कोपऱ्यातला चष्मा पहिल्या रांगेला स्पष्ट दिसत होता. ते म्हणाले, ज्याची असेल त्याने उभं राहावं, इथे कोणी दगड मारणार नाही. एकवीस दिवस मी फक्त उभंच राहत होतो! पाय हलेनात. बाकाला खिळले.
आणि साडू उठला. म्हणाला, चिठ्ठी माझी. मलाही एकच साडू आहे, मोठा, शिकलेला. क्षमा करा.
सगळी मंडळी रडली. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. मेळाव्यात तोच बोलणार.

२४ जून
ही सरळसरळ चोरी आहे. कुविचार माझा, अक्षर माझं, कार्ड माझ्या दुकानाचं. निदान तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्यायचं!
बायकोला म्हटलं, बरं झालं, कोणाला कळलं नाही. ती भाजी चिरत होती. म्हणाली, सगळ्यांना कळलं. म्हणून तर रडले. तो मिनिटभर तुमच्याकडे बघत होता, तुम्ही उठाल म्हणून.
मी पाणी प्यायलो.

३० जून, रविवार
साडू बोलला. चौदा मिनिटं. माझा उल्लेखही नाही. संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मीही उठलो. पाय अजिबात लटपटले नाहीत. सगळेच उभे होते म्हणा.
त्याच्यासारखं एकट्याने उठता आलं असतं तर, असं वाटलं. पोटात फार दुखलं. हेवा वाटला. अमिग्डला नव्हे, हेवा.
कार्डं संपली, म्हणून इथे लिहिलं.