वस्तऱ्याच्या मुठीवरचा दोरा

तीर्थरूप मोठ्या काकांस,

तुमच्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलाचा साष्टांग नमस्कार. इकडे आई बरी आहे आणि डाव्या हाताची दोन बोटं सोडली तर मीही बरा आहे. तुमची तब्येत मी तुम्हालाच विचारली असती, पण तुम्ही फोन काकूच्या हातात देता, त्यामुळे ती तिच्याकडूनच कळते. जेवतात, झोपतात, बोलत नाहीत आणि दाढी छातीकडे निघाली आहे, असं ती म्हणाली. तिने सलूनवाल्याला घरी बोलावलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात, हेही समजलं. बाबांना जाऊन परवा पाच महिने झाले. आलेलं पत्र मात्र तुम्ही वाचल्याशिवाय ठेवत नाही, हा तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हा खटाटोप.

पत्रास कारण, बाबांचा वस्तरा. कपाट आवरताना आईने तो माझ्या हाती दिला. (माकडाच्या हाती कोलीत, असं तुमच्या मनात आलं असेल. आईच्याही आलं होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं.) बाबा स्वतःची दाढी साध्या ब्लेडने उरकायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचा उजवा हात लुळा पडल्यापासून अकरा वर्षं हा वस्तरा दर रविवारी रुमालात गुंडाळून फक्त तुमच्याकडे यायचा. आता तो ओलसर कपाटात पडून गंजला होता, मूठ तेलकट झाली होती, आणि मला वाटलं की मुलगा म्हणून एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

जमलं नाही. गंज रॉकेलने आणि बारीक पॉलिश पेपरने निघाला, पण त्याने मला भलताच आत्मविश्वास आला आणि मी धार लावायला बसलो. स्वयंपाकघरातल्या सुरीला लावतात तशी, पातं तिरकं धरून. तासाभराने वस्तऱ्याची करवत झाली. हातावर फिरवून पाहिला तर केस जागच्या जागी राहिले आणि कातडी तेवढी निघाली. शेवटी चौकातल्या म्हाताऱ्या सलूनवाल्यांकडे गेलो. त्यांनी पातं उजेडात धरून पाहिलं, मिटलं आणि घरात कोण गेलं एवढंच विचारलं. मग त्यांनी शिकवलं की पातं दगडावर पूर्ण आडवं झोपवायचं, पाठ उचलायची नाही, आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना धार नेहमी मागे ठेवायची. मी ती पुढे ठेवली. बाबांच्या पट्ट्याचे दोन तुकडे झाले. (त्यातल्या एकाची घडी खाली सारल्यापासून आमचं मोरीचं दार आपटत नाही. काहीतरी मार्गी लागलं.) त्यानंतर त्यांनी मला फुगे आणायला सांगितले. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता वस्तऱ्याने उतरवायचा, अशी ती शिकवणी. पहिले चौदा फुटले. एक गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून निघून गेलं, त्याची मी माफी मागितली आहे.

पण खरा घोळ याच्या आधीच झाला होता, आणि तो लिहायला हात धजत नाही. मुठीवर एके ठिकाणी काळा, साबणाने चिकट झालेला दोरा गुंडाळलेला होता. मी तो घाण समजून कापला आणि फेकून दिला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मूठ इतकी लख्ख निघाली की मी ती कौतुकाने आईला दाखवायला नेली. आई उठून कचऱ्याची टोपली पाहायला गेली. टोपली सकाळीच रिकामी झाली होती. दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी आईने सांगितलं की पहिल्याच वर्षी बाबांच्या साबणाच्या हातातून मूठ निसटली आणि तुमच्या हनुवटीखाली कापलं. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत, उलट चालू दे म्हणालात. बाबा घरी येऊन जेवले नाहीत. दोरा गुंडाळत बसले, सोडून पुन्हा गुंडाळत, अंगठा नेमका बसेपर्यंत. हनुवटीखालची ती खूण बाथरूममध्ये घसरल्याची आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो, कारण तुम्हीच तसं सांगितलं होतंत.

काका, मला फार वाईट वाटलं. बाबांचा अंगठा कुठे टेकायचा याची घरात ती एकच खूण होती, आणि मी ती साफ केली.

असो. वस्तरा आता उत्तम झाला आहे, तो तेल लावून कपाटात जपून ठेवणार आहे. तुम्हाला कसलाही त्रास देण्याचा हेतू नाही. काकूला नमस्कार.

तुमचा,
वेंधळा (हे नाव तुम्हीच ठेवलंत)

ता. क. कपाटात ठेवणार हे खोटं आहे. शेवटचे नऊ फुगे फुटले नाहीत. स्वतःची दाढी मी त्याने चारदा केली आहे आणि गाल शाबूत आहेत. बोटं कापली ती पातं पुसताना.

ता. क. दुसरा. हे पत्र लिही असं मला काकूने सांगितलेलं नाही, असं लिही म्हणून काकूने सांगितलं आहे.

ता. क. शेवटचा. नवा दोरा रोज गुंडाळतो, पण जागा चुकते. आईला ती आठवत नाही, कारण त्या वेळी ती काकूपाशी स्वयंपाकघरात असायची. तो अंगठा अकरा वर्षं इतक्या जवळून फक्त तुम्ही पाहिला आहे. रविवारी सकाळी येतो, दोरा सुटा घेऊन. बोलायची गरज नाही. मुठीवर जागा दाखवायला बोट ठेवा, डावा हात पुरे.