नखाएवढं पितळ

सातारा,
कार्तिक वद्य पंचमी, सन १९४६

चिरंजीव आकाराम यास नाथाजीच्या आईचे आशीर्वाद.

इकडं सगळी बरी हायत. माझा गुडघा दुखतोय, पण तो तुझं पत्र यायच्या आधीपासून दुखतोय, त्याचा बोल तुला न्हाई. म्हशीला रेडकू झालं. राहीबाईला आणि पोरांना आशीर्वाद सांग. धाकट्याचा खोकला गेला का, ते तू लिवलंच न्हाईस. चार पानांत मोटारच मोटार.

अक्षर कुणाचं म्हणून बघत असशील. माझंच हाय. लीला म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिवते." मी म्हणलं, "तू शाळेत जाणारी, शिव्या गाळून लिवशील." म्हणून दुसरी यत्ता शिकलेल्या हातानं मीच लिवते. चुका काढत बसू नगंस. तुझ्या चुका मोठ्या हायत.

तुझं पत्र लीलानं वाचून दाखवलं, मग मी बोट ठेवून दोनदा वाचलं. मुंबईचा कुणी शेठ शर्यतीच्या जुन्या मोटारी गोळा करतोय. बत्तीस साली पसरणीच्या घाटात साहेबांच्या नि संस्थानिकांच्या मोटारी मागं टाकून पांचगणीला पयली पोचली ती मोटार त्याला पायजे. तू म्हणतोस ती तुझ्या सांगलीच्या शेडात हाय. माधवनगरचा रामगोंडा म्हणतो, माझ्या कापडाच्या मागांच्या कारखान्यामागं हाय ती खरी. शेठ म्हणतो, नंबराची पितळी पट्टी दाखवा, मग बोला. म्हणून चौदा वर्सांनी तुला आई आठवली. "पट्टी तुझ्या ट्रंकेत असंल तर रजिस्टर टपालानं पाठव. माझ्या मोटारीला चारी भोकं तयार हायत, बसवून टाकतो."

बसवून टाकतो! काय रं, दाराची कडी हाय का ती?

पट्टी ट्रंकेत न्हाई. देव्हाऱ्यात हाय, तुझ्या बापाच्या टाकाशेजारी. तू तेराव्यापातुर थांबला न्हाईस, म्हणून तुला ठाव न्हाई. मी ती सोनाराकडं नेली, म्हणलं, ह्याच्यावर माझ्या नाथाजीचा टाक काढ. तो म्हणाला, "आवं बाई, टाक चांदीचा करत्यात, न्हाई तर तांब्याचा. ह्या पितळंवर इंग्रजी आकडं हायत." मी म्हणलं, "आकडं ऱ्हाऊ देत मागं. पुढं माझा लेक काढ." मग इचारतोय, "घोड्यावर बसवू का? अवचित गेलेल्या माणसाला घोड्यावर काढत्यात." मी म्हणलं, "माझा लेक घोड्यावर कवा बसला? चाकावर बसीव." त्यानं काढली चाकं. बैलगाडीची झाल्यात, मोटारीची त्याला जमली न्हाईत. पण नाथाजीचं नाक बरोबर आलंय.

दर खंडेनवमीला तू तुझ्या पान्या-हातोड्यांना हळदकुंकू वाहत असशील. मी त्याला वाहते. चिंच लावून घासते, पुसते, परत जागेवर बसवते. त्याला उचलून तू परक्या लोखंडावर ठोकणार? भावाच्या छातीत रिबिटाचा खिळा मारताना हात तरी कापंल का रं तुझा?

परकं लोखंड म्हणलं ते उगं न्हाई. आता तुझ्या चार भोकांचं ऐक.

घाटातनं मोटार बैलं लावून वढून आणली, त्या दिवशी पट्टी मी सोता उचकटली. ह्या दोन हातांनी, नाथाजीच्याच पकडीनं. काढताना कुणाला दिसू दिलं न्हाई. तीन रिबिटं निघाली. चौथं निघंना. मी जोर लावला तसा पट्टीचा कोपरा फाटला नि रिबिटाखाली तसाच अडकून ऱ्हायला. टाकाला तो कोपरा आजबी न्हाई. सोनार बाकीचे तीन कापून सारखं करतो म्हणत हुता, मी त्याचा हात धरला. म्हणजे खऱ्या मोटारीला भोकं तीन, आकारामबुवा. चौथ्या जागी रिबीट, आणि त्याच्या खाली नखाएवढं पितळ. तुझ्या मोटारीला चार कशी पडली? काल पाडलीस का परवा?

रामगोंडा गेल्या सोमवारी येऊन गेला. लाजत आला, भाऊबिजेला येतात तसा हातात गुळाची ढेप घेऊन. जैनांत दिवस बुडाल्यावर जेवत न्हाईत, म्हणून चारलाच त्याला पानावर बसवला. जेवता जेवता म्हणाला, "मावशी, खरं सांगा. तेहतीस साली आकारामनं मला मोटार दिली ती नाथाजीची म्हणून दिली. आता तोच गावभर सांगतोय, रामगोंड्याला दुसरीच दिली, खरी माझ्याकडं हाय. मी काय खुळा का?"

मी इचारलं, "पट्टीच्या जागी काय हाय वं?"

"तीन भोकं. चौथ्या रिबिटाखाली पिवळं काय तरी दिसतंय. आमची पोरं म्हणत्यात सोनं हाय."

मी म्हणलं, "आणखी अर्धी भाकरी घ्या."

त्याला काय बोलले न्हाई. आधी तुला बोलणार हुते, ते बोलते. तू जाताना मी म्हणले हुते, ती मोटार ने नि तिचं तुकडं कर. तू निरोप धाडलास, "केलं, भंगारात घातलं." चौदा वर्सं मी त्या बोलण्यावर इस्वास ठेवून बसले. आणि ती माधवनगरला धडधाकट हुबी. ऐकून मला राग आला, आणि बरंबी वाटलं, ते दोन्ही इथं लिवते. पण खोटं ते खोटंच.

ह्याच्याबी वर तू कडी केलीस. शेठला सांगितलंस की शर्यतीत मोटार तू हाकलीस, नाथाजी नुसता बाजूला बसला हुता. हे तू पत्रात लिवलं न्हाईस, रामगोंड्याच्या तोंडनं कळलं. लीला दाराआड हुती. बाप गेला तवा ती पोटात, तिनं त्याला बघितला न्हाई. त्याचं नाव तेवढं तिच्याकडं हाय. ती मला म्हणाली, "आजी, मग माझा बाप काय नुसता वारा खात बसला हुता?" काय सांगू तिला? सायबानं खड्ड्यात टाकून दिलेली मोटार त्यानं दोन वर्सं उपाशीतापाशी जुळवली. इंजीन त्यानं बांधलं, घाट त्यानं चढवला. तुला जनाची न्हाई, सख्ख्या पुतणीची तरी लाज वाटू दे.

पत्र इथंच संपवणार हुते. घडी घातली, पुन्हा उघडली. ब्रेकचं ऱ्हायलंय.

त्या दिवशी घाटाच्या पायथ्याला मी बैलगाडीत बसले हुते, आरतीचं ताट घेऊन. तू वरनं सायकलीवर आलास. घामाघूम. म्हणालास, "आई, दादा पयला आला! पण ब्रेक तापल्यात. आजची रात ऱ्हातो, उद्या सकाळी थंड झाल्यावर मोटार खाली आणतो म्हणतोय."

मी काय म्हणाले, तुला आठवतंय. मला जास्त आठवतंय. मी म्हणले, "उद्या कोण बघाय बसलंय? सगळी वाई आज हुबी हाय. माझ्या लेकाला मी लोकांदेखत ववाळणार. आत्ता आण म्हणावं." तू म्हणालास, "आई, ऐक." मी म्हणले, "तुला भावाचं बघवत न्हाई का रं?"

तू एका लारीत सायकल टाकून परत वर गेलास. माझा निरोप त्याला सांगितलास. आईचा निरोप म्हणून तो निघाला. तिसऱ्या वळणावर गेला.

आणि मी दारात, चार माणसांत, तुझ्याकडं बोट केलं. "ब्रेक ह्यानं आवळला हुता. ह्यानं मारला माझा नाथाजी." निरोप माझा हुता, हे तू कुणाला सांगितलं न्हाईस. तेराव्याआधी गेलास म्हणून वर लिवलं, ते खोडत न्हाई, पण मीच हाकललं तुला. सांगलीपातुर ते बोलणं तुझ्या मागं आलं. लोक अजून भावाला खाल्लेला म्हणत्यात, ते राहीबाईनं एकदा मला रडत सांगितलं हुतं, तवाबी मी तोंड उघडलं न्हाई. काल बनूला, नाथाजीच्या बायकोला, सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलथली न्हाई. संध्याकाळी मला जेवाय वाढलं.

मोटार मी हाकली, असं तू का म्हणालास ते मला कळलं. हाकणारा वेगळा, ब्रेक आवळणारा वेगळा; हाकणाऱ्यावर ब्रेकचा बोल येत न्हाई. पण भावाचं नाव चोरून तुझं नाव धुऊन निघणार न्हाई. ते मी लावलंय, मीच काढीन.

शेठ अमावास्येनंतरच्या सोमवारी माधवनगरला येणार, असं रामगोंडा म्हणाला. मी, बनू नि लीला आदल्या दिवशी आगीनगाडीनं तिथं उतरतो. टाक पदरात बांधून आणते. मोटारीला नुसता लावून दाखवीन, फाटका कोपरा त्या नखाला भिडतो का ते शेठ बघंल, आणि टाक पुन्हा पदरात. कुणी हातोडी आणली तर त्याच हातोडीनं हाणीन. मग शेठसमोर नि गावासमोर सांगीन, मोटार नाथाजीनं बांधली, नाथाजीनं हाकली. ब्रेक आकारामनं नीट आवळला हुता. खाली बोलावला तो मी.

तू तिथं असायचंस. पोरांना घेऊन यायचंस, म्हणजे बापाला बोल न्हाई हे त्यांच्या कानावर पडंल. आणि तू लीलाकडं बघून म्हणायचंस, "मी खोटं बोललो." तीन शब्द हायत. तुझ्या चार पानांपेक्षा सोपं.

न आलास तर भोकांची गोष्ट मी शेठला माझ्या तोंडानं सांगीन. आलास तर ती तू सांग.

आजपातुर प्रत्येक कागदावर मी नाथाजीची आई म्हणूनच सही केली. ह्या पत्राच्या डोक्यालाबी तेच लिवलं, ते ऱ्हाऊ दे. खाली आता दुसरं लिवते.

तुझ्या चार भोकांवर थुंकणारी,
आकारामची आई