तुमच्या काठीला मरळ लागली!

अहो,

आज सकाळी मासा धरला. मरळ! कोपरापासून बोटांपर्यंत लांब, काळीभोर आणि रागीट. तुमच्याच काठीवर, गळाला पिसं बांधून केलेल्या तुमच्याच खोट्या माशीला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही, म्हणून जेवणं उरकली आणि लिहायला बसले. आणखीही एक सांगायचंय. चार वर्षं पोटात ठेवलंय ते. पण आधी मासा.

तुम्ही गेलात आणि तेराव्यालाच बबन भावोजी दापोड्याहून आले ते काठी मागायला. तुमचे जिवाभावाचे मित्र, पण बोलण्याला काही धरबंध आहे का त्यांच्या? "वयनी, दादानं सहा वर्सांत एक मासली न्हाय धरली. ती काठी तुमी काय करनार? मना द्या." सगळी बसलेली माणसं गालात हसली. तेराव्याच्या दिवशी! मला इतका राग आला की मी म्हटलं, "वर्षश्राद्धापर्यंत थांबा. तोवर या काठीवर मी एक मासा धरला नाही, तर खुशाल घेऊन जा."

बोलून बसले आणि मग आठवलं, ती काठी मी कधी पाण्यावर धरलीच नव्हती!

तुम्हाला लोक चाबूकवाला म्हणायचे, ते माझ्या कानावर यायचं. तुमच्या कामावरचं मानकोलीचं गोदाम रिकामं करताना तिथल्या साहेबाने ती काठी तुम्हाला दिली, तेव्हापासून दर रविवारी तुम्ही तानसा नदीवर. बाकीचे गळाला शिसं बांधून टाकायचे, जाळी लावायचे, पिशव्या भरून घरी जायचे. आणि तुम्ही मात्र ती जाड दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत उभे! मी एकदा विचारलं, मलाही शिकवा ना. काय म्हणालात, आठवतंय? "हे कांडी भरण्याइतकं सोपं नाही, शकू."

बरं! कांडी भरणं सोपं? वीस वर्षं मी लूमच्या कांड्यांवर सूत भरलं. सूत कुठे बारीक झालं, कुठे गाठ आली, कुठे तुटणार, हे माझ्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. तुमच्या त्या खेळात शिसं नसतंच, वजन असतं ते दोरीचं. सगळा खेळ दोरीचा! आणि दोरीतलं घरात जास्त कोणाला कळत होतं, सांगा पाहू?

तुमची जुनी दोरी कामाची राहिली नव्हती. सगळीकडून तडकलेली. म्हणून नवी आणायला एकटी मुंबईला गेले. दुकानदार म्हणाला, "आंटी, पतंग का मांजा बाजूवाले के पास मिलेगा." मी पिशवीतून काठी काढून गल्ल्यावर ठेवली. मुठीच्या वर सहाचा आकडा आहे ना, तो दाखवला. तर तो आठ नंबरची दोरी काढून म्हणतो, मोठा मासा पाहिजे तर हीच घ्या. मी म्हटलं, "भैया, बीम एक नाप का, लूम दुसरे नाप का, तो कपडा कैसे निकलेगा?" सहाच्या काठीला सहाचीच दोरी, आणि पाण्यावर तरंगणारी. मग त्याने दर्शनी काचेतली एक काढली. मी ती चिमटीतून दोन हात ओढली आणि परत केली. ऊन खाल्लेली होती, वरचं साल खरखरीत झालेलं. आतल्या कपाटातली तिसरी पसंत पडली, गुळगुळीत आणि एकसारखी. निघताना त्याने मला चहा पाजला, हो!

मग सराव. आपल्या कामतघरच्या गल्लीत, पहाटेच्या शिफ्टची माणसं गेली की मी काठी घेऊन बाहेर. पहिल्या महिन्यात दोरी दोनदा विजेच्या खांबाला आणि एकदा शेजारच्या कोंबडीला अडकली. समोरच्या लूमवरच्या रशीदने विचारलं, "चाची, मच्छर मार रही हो क्या?" मी म्हटलं, "नहीं बेटा, तेरे चाचा को बुला रही हूँ।" दुसऱ्या दिवशी माशी बांधायला लाल सुताचे तुकडे आणून दिले त्याने.

एक मात्र बोलणारच. तुम्ही नदीवरून आलात की दोरी तशीच चिखलासकट गच्च गुंडाळायचात आणि पत्र्याखाली टांगायचात. कांडीसारखी गच्च! मग पुढच्या रविवारी ती वळ्यावळ्यांनी पाण्यावर पडली, तर दोष कोणाचा? मी घमेल्यात कोमट पाणी घेते, नातीच्या अंघोळीचा साबण चिमूटभर, आणि मऊ फडक्यातून सगळी दोरी ओढते. सावलीत वाळवते. सुताच्या लडीसारखी मोठ्या सैल वेढ्यांनी खुंटीला लावते. नदीवर गेल्यावर फेकण्याआधी हलकेच ताणून घेते, म्हणजे वळ जातात. इतकंच तर असतं.

आज वर्षश्राद्धाला आठ दिवस उरलेत. बबन भावोजी सकाळी हटकून नदीवर सोबत आले होते, काठी घ्यायला पिशवीसुद्धा आणली होती! मी दोरी सोडली. मागे पूर्ण उलगडू दिली, मग पुढे. माशी पाण्यातल्या वेलाच्या कडेला अलगद पडली, दोनदा ओढली, आणि पाणी फुटलं! भावोजी ओरडायला लागले, "वयनी, ढील द्या! ढील द्या!" मला कोणी ढील शिकवायला नको. धागा तुटायच्या आधी बोटाला सांगतो. ती ओढायची तेव्हा दिला, थांबली तेव्हा घेतला. शेवटी भावोजी कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि तिला उराशी धरून बाहेर आले. रडत होते हो!

पहिला मासा सोडून देईन, असं तुम्ही म्हणायचात म्हणे. मी काही सोडला नाही. चिंचेचं कालवण केलं.

आता ते दुसरं.

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तुम्ही कुरकुरत होतात, दोरी काठीच्या कड्यांतून सरकत नाही म्हणून. तुम्ही ड्युटीला गेलात आणि मला वाटलं, आपण सरकवून देऊ. आपल्याकडे काही अडलं की लूमचं तेल. मी अख्ख्या दोरीला चोळलं, वाटीभर. तेलाने त्या दोरीचं साल खराब होतं, हे मला काय माहीत? महिन्याभरात ती चिकट झाली, तडकली, पाण्यात बुडायला लागली. तेलाआधीही तुम्हाला मासा लागला नव्हता, हे मान्य, पण निदान दोरी तरंगत तरी होती! तुम्ही म्हणायचात, माझाच हात बसत नाही. आणि मी ऐकून घेत राहिले. एकदाही तोंड उघडलं नाही.

आज भावोजींना वाढताना मला राहवलं नाही. सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"वयनी, दादाला ठाव व्हता."

"काय?"

"पयल्याच दिवशी. दोरीला लूमचा वास येत व्हता ना. मी बोललो, टाक ही, नवी घे. तर म्हने, तिनं हौसेनं लावलाय. नवी आनली तर तिला कलंल का खराब झाली. तू पन बोलू नको."

अहो! तीन वर्षं? जाईपर्यंत तीन वर्षं बुडणारी दोरी फेकत उभे राहिलात, सगळ्या नदीचं हसू सहन केलंत, का तर मला वाईट वाटू नये म्हणून? असं कोणी करतं का? मी मोरीत जाऊन खूप रडले. मग बाहेर आले आणि तुमच्या फोटोसमोर ताट वाढलं. मधली तुकडी तुमची.

भावोजी जाताना रिकामी पिशवी घडी करून खिशात घालून गेले. पुढच्या रविवारी मला न्यायला येणार आहेत. शिकायचंय म्हणे.

तुमची ती जुनी दोरी डब्यात आहे. अजून तेलाचा वास येतो तिला. ती मी टाकणार नाही, आणि माझ्या मागे कोणाला टाकू देणार नाही, हा शब्द देते. काठी भिंतीवर टांगून ठेवणार नाही, दर रविवारी पाण्यावर नेईन. आणि पुढची मरळ लागली की सोडून देईन. ती तुमची पहिली.

तुमची,
शकू
(आता कामतघरात चाबूकवाली मलाच म्हणतात.)