भावोजींचा आवाज

सोमवार, ३ मार्च
लिहीन लिहीन म्हणत महिना घालवला. पेन हरवलं होतं म्हणावं तर ते खिशातच! निव्वळ आळस.

बातमी — नोकरी लागली. मला! गाड्यांना रंग मारणाऱ्या कारखान्यांच्या मालकांची संघटना आहे, तिच्या ऑफिसात. कायदा येतोय : प्रत्येक कारखान्यात हवा खेचणारे पंखे, कामगारांना धड मास्क. मालकांना तो नको. मी साधा माणूस बनून सभागृहातल्या प्रतिनिधींना फोन करायचे, कायदा नको म्हणायचं. गावोगाव भटकल्याने माणसांचे आवाज काढायला भरपूर जमतात. साहेब म्हणाले, "तू म्हणजे एकटाच अख्खी गल्ली आहेस!"

समोरच्या इमारतीत दोरीने पियानो चढवत होते. तेच बघत बसलो.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांना विचारलं, हे चालतं? "अरे, प्रतिनिधींना रंगातलं काय कळतं? कुणी सांगायला नको? अंध मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळाला, तो अशाच फोनांमुळे." खरं निघालं! फक्त ते फोन खऱ्या आयांनी केले होते.

भावोजींची युनियनही, कायदा हवा म्हणून, आमच्या भागाच्या प्रतिनिधीबाईंच्या दारात बसून आली. "एकटा गेलो असतो तर शिपायानेच हाकललं असतं," म्हणाले, आणि खोकत बसले. ते रंगाचा फवाराच मारतात. मी त्यांच्याच घरी पडीक.

"तुझं काम काय रे?"
"फोनवर बडबड."
ताई म्हणाली, "मग बढती नक्की!"

शुक्रवार, ७ मार्च
आज फोनवर प्रतिनिधीबाई स्वतः! घाबरलो. तोंडाला आला तो आवाज काढला — भावोजींचा. "वीस वर्षं फवारा धरलाय बाई, मला काही झालं नाही. पंख्यांचा खर्च आला तर मालक टाळं लावेल. पोरं काय खातील?" हुबेहूब. खोकला तेवढा वगळला.

बाईंनी विचारलं, "कुठे राहता दादा?"

ताईचा पत्ता सांगून मोकळा झालो. दुसरा आठवेचना!

शनिवार, ८ मार्च
जेवण गेलं नाही.

सोमवार, १० मार्च
ऑफिसात सभागृहाचं कामकाज लावलं होतं. बाई उभ्या राहिल्या — "एका अनुभवी कामगाराने मला सांगितलं..." माझं वाक्य! शब्दन् शब्द! गुरुवारी मतदान, आणि सगळं त्यांच्या एका मतावर अडलंय. साहेबांनी पाठ थोपटली.

हे इतकं सोपं असतं?

घरी तेच भाषण ऐकून भावोजींनी रेडिओ बंद केला. "आमच्यातलाच कुणीतरी फुटला. कोण हरामखोर असेल रे?"

म्हटलं, झोप आलीय.

बुधवार, १२ मार्च
आतल्या खोलीत दार लोटून लिहितोय. प्रतिनिधीबाई आल्यात! एकट्या. भावोजी त्यांच्यासाठी खुर्ची पुसतायत. "उद्या मत देण्याआधी तुम्हाला भेटायचं होतं, दादा. शुक्रवारी फोनवर..."

"फोन? मी?"

ताई हाक मारतेय — "अरे, बाहेर ये, बघ कोण आलंय!"