छोटा ग्लास म्हणजे किती

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तर लगेच लिहिलं होतं, पण त्यात दोन ठिकाणी खाडाखोड झाली, म्हणून ते फाडून आज पुन्हा लिहायला बसलो आहे. तू हसशील, हस.

बाबांची छाती त्यानंतर दुखलेली नाही. सकाळची गोळी माझ्यासमोर घेतात. मीठ कमी केल्यापासून मात्र ताटाकडे असं बघतात की जणू मीच त्यांचं काही चोरलं आहे. मी दुकानात गेलो की दिवसभर खिडकीशी बसून असतात. बोलायला कोणी नाही. प्रूफवाले काका तेवढे येतात.

खरं लिहायचं आहे ते इथून पुढे. मागच्या आठवड्यात काकांनी एक कात्रण आणलं. रोज एक छोटा ग्लास लाल वाइन घेतली तर हृदयाला फायदा होतो, असं त्यात आहे. काकांना छापखाना सोडून इतकी वर्षं झाली, तरी कात्रणातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त करूनच त्यांनी ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि मला म्हणाले की औषध म्हणून विचारतोय, बाकी काही मनात आणू नकोस.

ताई, अकरा वर्षांत त्यांनी थेंब घेतलेला नाही. बाइंडिंगच्या खात्यात कागद कापायच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेली, त्या दिवसापासून. मी तेव्हा नववीत होतो. त्यामुळे नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही आणि हो म्हणायलाही नाही. तीन दिवस झोप नव्हती.

शेवटी ठरवलं की द्यायची तर मापात द्यायची. पण छोटा ग्लास म्हणजे किती, हे कात्रणात कुठेच नाही. घरातले सगळे ग्लास मोजले. एकात एकशे दहा मिली मावतं, एकात दोनशे पाच. दुकानात आम्ही वजनकाट्यांबरोबर दुधा-तेलाची मापंही तपासतो, तिथलं काचेचं मोजपात्र मालकांना विचारून घरी आणलं. संध्याकाळी साडेसातला बरोबर शंभर मिली देतो. बाटली आईच्या कपाटात आणि किल्ली माझ्याकडे. कालचा पाचवा दिवस.

तू वॉर्डात असतेस, तुझ्या मोठ्या डॉक्टरांना विचारून कळव. आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. दाजींना नमस्कार, पिल्लाला पापा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मिलीमीटर


१३ फेब्रुवारी

चि. मिलीमीटर यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आधी द्यायचं आणि मग विचारायचं, ही पद्धत आपल्या घराण्यातच आहे. बाबांनी माझं लग्नही असंच ठरवलं होतं.

तुझं पत्र वॉर्डातल्या बाकावर बसून वाचलं. सध्या आम्ही दोघीच तीस खाटांना आहोत. घरी पोचते तेव्हा पाय इतके सुजलेले असतात की चपला काढायलाही पिल्लू मदत करतं. तरी तुझ्यासाठी डॉक्टरसाहेबांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले की हृदयासाठी म्हणून कोणी प्यायला सुरुवात करू नये, आणि पूर्वी प्यायचा त्याने तर मुळीच नाही. मग मी कात्रणाचं सांगितलं. ते दोन पायऱ्या उतरले होते, ते थांबले. म्हणाले, पूर्वी माणसं मोजली तेव्हा थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा धडधाकट दिसले, हे खरं आहे. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत कोण कोण उभं होतं ते बघ. आजारी पडले म्हणून सोडलेले, पिऊन पिऊन शरीराची वाट लागल्यावर सोडलेले, सगळे त्याच रांगेत. मग दुसरी रांग तब्येतीने बरी दिसणारच. शिवाय थोडी पिणाऱ्यांचं खाणंपिणं, फिरणं, झोप, सगळंच बरं असतं. त्याचं श्रेय ग्लासाला कशाला?

आपले बाबा त्या पहिल्या रांगेतले आहेत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शाळा तुझी सुटली, माझी नाही.

तू मोजून देतोस, त्याचं कौतुक आहे. पण बाबा सुद्धा सुरुवातीला मोजूनच घ्यायचे रे. आई सांगायची, स्टीलच्या वाटीने. बंद कर. तुझ्याने होत नसेल तर माझं नाव पुढे कर, मला वाईट व्हायची सवय आहे.

रजा मिळत नाही, नाहीतर मीच आले असते. माया आहे म्हणूनच ओरडते, एवढं धरून चाल.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. धपाट्यापाशी हसले, रांगेपाशी चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले की डॉक्टरांचं बरोबर असेल, पण शंभर मिलीने कोणाचं काय जातं. मला खरंच पेच पडला. कारण ताई, बाबा सुधारले आहेत. साडेसात वाजले की आम्ही दोघं टेबलाशी बसतो आणि ते बोलतात. छापखान्यातल्या गोष्टी, आई पहिल्यांदा दिसली तेव्हाची गोष्ट. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि त्यांनी शंभरच्या वर कधी मागितलेली नाही. मी डोळ्यात तेल घालून असतो.

त्यांना एकट्याने घ्यायला बरं वाटेना, म्हणून पंधरा तारखेपासून मीही साठ मिली घेतो. फक्त साठ. चव आधी तुरट लागायची, आता लागत नाही. एक सांगू? माझा हात स्थिर झाला आहे. तुला माहीत आहे, सगळ्यात छोटी वजनं चिमट्याने उचलताना माझी बोटं थरथरायची, मालक बघत असले की जास्तच. आता सकाळी मन शांत असतं, कारण संध्याकाळचं ठरलेलं असतं. मालक परवा म्हणाले की तू आता कारागीर झालास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पंधराला नवी बाटली उघडली होती, काल चौथी संपली. येताना पाचवी घेऊन आलो. दुकानदार आता ओळखतो.

बाबांची डॉक्टरकडची तारीख पुढे गेली आहे, दहा मार्चला नेईन. काळजी करू नकोस, सगळं मापात आहे. पायांना गरम पाण्याचा शेक दे. पिल्लाने माझ्यासाठी काढलेलं चित्र पाठव. आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
मिलीमीटर


७ मार्च

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र काकांच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. मिलीला दाखवू नका.

तुम्ही त्याला हिशेबी म्हणता ना? मग हा हिशेब बघा. पंधरा ते सव्वीस, बारा दिवस. चार बाटल्या म्हणजे तीन हजार मिली. तुमचे रोज शंभर, त्याचे साठ. बारा दिवसांचे होतात एक हजार नऊशे वीस. उरलेले हजारावर मिली कुठे गेले? मी हे औषधाच्या तक्त्यामागे तीनदा मांडलं. चुकत असेन तर बरं, असं म्हणत म्हणत मांडलं.

तुम्ही पीत असाल तर सांगा, मी रडेन आणि विषय संपवेन. तुमच्यासाठी रडायची मला सवय आहे. पण तुम्ही पीत नसाल तर मला भीती मिलीची आहे. त्याने लिहिलंय की हात स्थिर राहतो. बाबा, हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तुमच्या तोंडून, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून. यंत्रावर हात स्थिर राहतो, म्हणून.

मला रजा नाही आणि अंगात त्राणही नाही. तो माझं ऐकणार नाही, मला पत्रात गोड बोलेल. आता तुम्हीच बघा. तुमच्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही.

तुमची,
ताई


१६ मार्च

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर लावून घे.

हिशेब बरोबर आहे. मी पीत नव्हतो. म्हणजे शंभर पीत होतो, वर नाही. खोटं कशाला बोलू, मला ती हवी होतीच. अकरा वर्षांत एक संध्याकाळ अशी गेली नाही की आठवण झाली नाही. कात्रण मिळालं तेव्हा मला हृदयापेक्षा निमित्ताचा जास्त आनंद झाला. आणि तो समोर बसायला लागला. एरवी तो घरात असतो, पण बसत नाही. नाडी बघतो, गोळ्या बघतो, दाराची कडी दोनदा बघतो. त्या अर्ध्या तासात माझा मुलगा माझ्याशी बोलत होता. म्हणून मीही डोळे मिटून घेतले.

तुझं पत्र आल्यावर उघडले. ताई, तो तुझ्याशी खोटं बोललेला नाही. तो साठच ओततो. खाली वाकून, डोळा रेघेशी आणून. पितो, मग मोजपात्र धुतो, फडक्याने पुसतो, जागेवर ठेवतो. थोड्या वेळाने पुन्हा काढतो आणि पुन्हा साठ ओततो. कधी दोनदा, कधी तीनदा. प्रत्येक वेळी बरोबर साठ. हे मी तीन दिवस नुसतं बघत बसलो होतो. चौथ्या दिवशी माझ्याने बघवेना.

तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या खिशातून किल्ली घेतली आणि बाटली मोरीत ओतली. तो ओल्या अंगाने बाहेर आला. मी त्याच्यासमोर उजवा हात टेबलावर ठेवला, म्हटलं, हाही हात स्थिर असायचा. तो असा ओरडला, की काका धावत वर आले. म्हणाला की मी शाळा सोडली तेव्हा तुम्हाला हे सुचलं नाही का, तेव्हा कुठे गेली होती तुमची अक्कल. बरोबरच बोलला. काका दारातच खाली बसले. म्हणाले की चुका दोन नव्हत्या, तीन होत्या. कात्रण किती जुनं आहे ते मी पाहिलंच नाही.

तो आता बोलत नाही. जेवतो, जातो, येतो. तुझ्यासारखी शिकलेली नाही माझी अक्कल, पण एवढं कळतं, की हे माझ्याच हातून सुरू झालं आणि माझ्याच हातून थांबायला हवं. दहाची तारीख हुकली, चौदाला डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने नेलं नाही, मी त्याला नेलं. दोघांचं सांगितलं. डॉक्टरांनी त्याला आठवड्याने परत बोलावलं आहे.

तू पायांना जप. बापावर रुसलेली असलीस तरी पत्र टाकत जा.

तुझे,
बाबा


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आजही फार सुचत नाही.

तू बाबांना लिहिलेलं पत्र काकांनी मला दाखवलं. तुझा गुणाकार बरोबर आहे. मी साठ लिहिलं तेव्हा मला खरंच साठ वाटत होतं. धुऊन पुसून ठेवलं की आधीचं मोजलेलं संपलं, असं काहीतरी मी मनात धरलं होतं. कोणी गिऱ्हाईक असं सांगत आलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

पहिले आठ दिवस वाईट गेले. घाम यायचा, चिमटा हातात धरवत नव्हता. एक वजन खाली पडलं आणि फळीखाली गेलं, ते शोधायला दीड तास लागला. मालकांनी मला मागच्या बाजूला मोठ्या वजनांवर बसवलं, पाच किलो, दहा किलो. तिथे हात थरथरला तरी कोणाला दिसत नाही. डॉक्टर म्हणतात की थरथर जुनीच आहे, काळजीची. ती जाईलच असं नाही, तिच्यासकट काम करायला शिकावं लागेल. मी फार दमलो आहे, ताई. नीट झोपलो तरी दमलेलाच उठतो.

बाबांना मी जे बोललो ते त्यांनी तुला कळवलंच असेल. माफी मागायला गेलो तर म्हणाले की ते राहू दे, ते खरं होतं, तू बस. तर आता साडेसातला बसतो. ते गरम पाणी घेतात, मीही घेतो. मोजपात्र मी दुकानात परत दिलं. पहिल्या दिवशी दोघांनी नुसते ग्लास फिरवले. अर्धा तास फार मोठा असतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीचं पुस्तक कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, रद्दीत गेलं. काल काकांनी एक जुनं आणून दिलं आहे, आत लाल शाईच्या खुणा केलेलं. अजून उघडलेलं नाही.

बाबांची तब्येत ठीक. मिठाबद्दल कुरकुर चालूच आहे.

या पत्रात सात ठिकाणी खाडाखोड झाली आहे, आणि मधली एक ओळ वाकडी गेली आहे. कोरा कागद काढून पुन्हा लिहायला घेतलं होतं. बाबा म्हणाले की असू दे, तिला तुझा हात दिसू दे. म्हणून हे असंच पाठवतो आहे. सांभाळून घे.

तुझा,
मिलीमीटर