स्लावाला बोलवायचं नसतं

प्रिय वुकाशिन,

शाळेत बॉम्ब ठेवल्याची धमकी आमच्या पालकांच्या ग्रुपवर आली, तेव्हा तुझ्या पोलीस चौकीत येऊन मीच ती तुला दाखवली, नंबरही दिला. मग साहेबांना, म्हणजे तुला, अख्खा फोन हवा झाला. "ताई, सगळ्यांचं सगळं वाचू दे. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

आहे. मी वर्गाची बाई म्हणून मुलांच्या आया मला काय काय लिहितात. कुणाचा नवरा हात उचलतो, कुणाचं पोर अजून अंथरूण ओलं करतं. न्यायाधीशाची परवानगी आण म्हटलं, तर म्हणालास, "पोरांना काही झालं तर ते तुझ्या माथी." माझी लेक मिलिकाही त्याच शाळेत आहे. तो माणूस अजून सापडलेला नाही आणि भीती मलाही वाटते. तरी फोन मिळणार नाही.

उद्या स्लावा, आपल्या घराण्याच्या संताचा दिवस. दिवसभर दार उघडं असेल, येईल त्याला उकडलेले गहू आणि राकियाचा, आपल्या फळांच्या दारूचा, पेला. पण आजवर एका तरी पाहुण्यानं आईचं कपाट उघडलंय? एवढंच सांगतेय मी तुला.

बाबा म्हणतात, यंदा स्लावाची मेणबत्ती, घरच्या कर्त्यानं लावायची ती, वुकाशिन लावेल. तुझ्या आवडीचा मासा लसूण घालून ठेवलाय.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला घर आपलं वाटतं, तो येतो.

तुझी ताई,
देसांका