फुटक्या धोंड्याला तिकीट

१९ सप्टेंबर, नान्त

पोचलो एकदाचे फ्रान्सात! विमानात आमच्या सौ. उमाने तीन सिनेमे बघितले, मी घड्याळ. स्वानंदी आणि जावई सुजय न्यायला आलेले. लेक वाळलीय. तसं म्हटलं तर, "बाबा, इथे याला फिट म्हणतात." बरं! दोन वर्षांनी दिसली, डोळे भरून आले. पण जावयासमोर काय ते!

निघताना गंगारामला बजावून आलोय. बागेचा जुना गडी, सांगितलेलं काम टाळायचा नाही. जेसीबी मोकळा झाला की सड्यावरचा, वरच्या उघड्या माळावरचा, कातळ फोडून घे म्हटलंय. आंब्याची शंभर कलमं सहज बसतील. स्वानंदीला अजून सांगितलेलं नाही. त्या कातळावर कोरलेला भलामोठा माणूस आहे ना – पांडवांनी काढला म्हणतात – लहानपणी ही त्याच्या पोटावर जाऊन निजायची. कळलं तर इथे तांडव करील. खड्डे मारून झाले की सांगू.

२१ सप्टेंबर

इथलं घावन खाल्लं. गालेत म्हणतात. काळपट पिठाचं, वर अंडं, आणि खायचं काट्या-सुरीने! नारळाचा रस नाही, काही नाही. उमा म्हणे, "जाळी बघा काय सुरेख पडलीय!" शेजारच्या टेबलावरचा म्हातारा शिंपल्यातली कालवं जिवंत गिळत होता, लिंबू पिळून. आमच्याकडे खाणारे निदान शिजवतात तरी.

२२ सप्टेंबर, कार्नाक

आज धोंडे बघितले. होय, धोंडे! माळावर रांगेने उभे, हजारोंनी. सहा हजार वर्षांचे म्हणे. कोणी उभे केले? माहीत नाही. कशाला? तेही माहीत नाही. मग ती गाईडबाई तासभर बोलत काय होती? गावची माणसं म्हणतात, एका संताने मागे लागलेल्या सैन्याचे दगड केले. आमचे पांडव, यांचा संत. भोवती कुंपण, आत मेंढ्या. गवत कापायला यंत्र घालायचं नाही, म्हणून मेंढ्या! लाड तरी किती!

मी म्हटलं, "आमच्या लांज्याला हायवेकडेला धोंडेच धोंडे पडलेत, त्यांनापण लावा तिकीट." सुजय हसला. स्वानंदी नाही हसली.

२३ सप्टेंबर

आज तर कहर झाला. एकच धोंडा, तोही आडवा पडलेला, चार तुकडे झालेला. फुटक्या धोंड्यालाही तिकीट! लोक मयताला आल्यासारखे हळू बोलत होते. मी मनसोक्त हसून घेतलं.

मग स्वानंदी म्हणाली, "बाबा, आपला सड्यावरचा माणूससुद्धा किती जुना असेल! आणि तो अख्खा आहे. मेमध्ये सुजयला दाखवायला आणणार आहे मी. त्याच्या शेजारी निजून उंची मोजायचे, आठवतं? दहावीत होते तरी गुडघ्याच्या वर गेले नाही."

आठवतं तर! मीच खडूने रेघ ओढायचो. आणि तोंडातून काय निघावं – "या या, आमच्याकडे फुकट असतं." लाज वाटली. खरंच वाटली.

खोलीत आल्यावर उमा म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?" म्हटलं, सांगायला लागणारच नाही, थांबवतो काम. चुलीत गेली ती कलमं!

२४ सप्टेंबर

सकाळपासून गंगारामला फोन. लागत नाही. मेल्याला सड्यावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. उमा देवाला नारळ बोलली. मी पण बोललो, तिला न सांगता.

२५ सप्टेंबर, नान्त

गंगारामचाच फोन आला. सड्यावरून. "तात्या, परवा जेसीबी गावला, सगला कातळ फोडून झाला! धोंडे वाया नाय घालवले, रचून बागेभोवती गडगा घातला."

परवा. मी त्या फुटक्या धोंड्यापुढे उभा राहून हसत होतो तेव्हा.

स्वारी खुशीत होती, शाबासकीची वाट बघत होती. त्याला काय बोलणार? सांगितलं मीच होतं. "बरं केलंस" म्हटलं.

स्वयंपाकघरातून स्वानंदी ओरडली, "बाबा, गंगारामकाका आहेत ना? त्यांना सांगा, मेमध्ये सडा झाडून ठेवा!"

"सांगतो," म्हटलं.